मातामायला गडवाभर पाणी

शीला दवाखान्यात असताना मी एकदा सप्तशृंगीच्या गडावर जाऊन देवीपुढे नारळ फोडला होता. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. मुलाला नाही, आमच्या विहारातल्या मंडळींना नाही, शीलालाही नाही.

यात सांगण्यासारखं काय आहे, असं पुष्कळांना वाटेल. नाशिकचं निम्मं शहर गडावर जातं. पण मी बौद्धाचार्य आहे. दिवसा पाटबंधारे खात्यात कारकुनी करतो आणि सुटीच्या दिवशी आमच्या समाजातली लग्नं लावतो, नामकरणं करतो, कोणी गेलं तर पुण्यानुमोदनाला उभा राहतो. पांढरा कुर्ता घालून लोकांना पंचशील देतो, बावीस प्रतिज्ञा देतो. देवदेवतांना मानणार नाही, पुजणार नाही, असं मी म्हणतो आणि माझ्यामागून सगळा मांडव म्हणतो. छपन्न साली आमचे वडील नागपूरहून परतले ते हेच घेऊन. आम्ही कोण, हे सांगायला त्यांच्याकडे तेव्हा दुसरं काही नव्हतं. काय सोडलं, त्यावरूनच आम्ही ओळखू येत होतो.

त्या दिवशी मुंबईहून औषध आणतो असं सांगून मी गडाची एसटी धरली. संध्याकाळी वॉर्डात परत आलो तेव्हा बाहीवर कुंकवाचा डाग होता. तो मला दिसला नव्हता, शीलाला दिसला. उशाच्या ग्लासात पदराचं टोक बुडवून तिने तो पुसून काढला आणि विचारलं, "जेवलात का?" त्यानंतर ती फार दिवस राहिली नाही.

प्रवासाबद्दल लिहायला बसलो आणि सुरुवात इथून केली, कारण दोन वर्षांनी मी तिच्या माहेरी, गोंदिया जिल्ह्यात गेलो, तो प्रवास मला या डागाशिवाय सांगता येत नाही.

गोंदिया

बोलावणं मेश्राम गुरुजींचं होतं. शीलाच्या गावचे निवृत्त शिक्षक, तिथल्या विहाराचं सगळं तेच पाहतात. फोनवर म्हणाले, "जवाईबापू, वर्षावासाच्या समाप्तीले या. कौतुकाबाईले पुन्हा प्रतिज्ञा द्याच्या आहेत."

कौतुकावहिनी म्हणजे शीलाच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. पावसाळ्याचे तीन महिने विहारात रोज ग्रंथ वाचला जातो. त्या गावात तो वहिनी वाचायच्या. यंदा अर्ध्यातच त्यांचं वाचन थांबवलं होतं. एका पहाटे त्यांनी मातामायला, म्हणजे तिथल्या गावदेवीला, पाणी घातलं, आणि ते लोकांनी पाहिलं.

"तुमीच कायले मनाल, तं तुमी घरचे," गुरुजी म्हणाले. "तुमच्या तोंडून झालं तं तिले कमीपना नाई वाटनार."

मी येतो म्हणालो. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं.

नाशिकहून गोंदियापर्यंतचा प्रवास पूर्वी आम्ही दोघं करायचो. एरवी शीला आमच्यासारखंच बोलायची, पण गोंदियाच्या फलाटावर पाय टेकला की तिची जीभ पालटायची. "चला ना जी, काऊन उभे राह्यले?" मी हसायचो, ती आणखी जोरात बोलायची. या खेपेला उतरलो तर फलाटावर सगळीकडे हिंदी चाललेली. चहावाला, हमाल, शाळेची पोरं, सगळे हिंदीत. त्या गोंगाटात मी जरा वेळ उगाच उभा राहिलो. कोणी काही म्हणालं नाही.

पुढे बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडीत समोर तिकडच्या पोवार समाजाचा एक शेतकरी बसला होता. साठीचा, पांढऱ्या मिशा, पायाशी शिंगाड्यांची पिशवी.

"पाव्हणे, कोन्या गावाले जाऊन राह्यले?"

मी गाव सांगितलं. ते त्याचंच निघालं.

"कोन्या मोहल्ल्यात?"

आमच्याकडे लोक आडनाव विचारतात, मग तालुका, मग हळूच आणखी काही. इथे सरळ मोहल्ला. बरं वाटलं एका अर्थी. "बौद्ध मोहल्ल्यात. कौतुकाबाईंकडे."

"अच्छा, अच्छा." तो हसला. "बाई चांगली आहे. यंदा आमच्या मातामायले पानी टाकून गेली. आमी मनलं, पन्नास वर्सानं का होईना, तुमच्या लोकायचा रुसवा निघाला."

त्याच्या बोलण्यात विष नव्हतं, म्हणूनच ते फार लागलं. मग त्याने पिशवीतून मूठभर उकडलेले शिंगाडे काढून माझ्या रुमालात टाकले. "घ्या, तलावाचे आहेत. तुमच्याइकडं असा माल नाई भेटत." सोलता सोलता बोटं काळी झाली. आत पांढरा, पिठूळ, गोडसर गर. आम्ही दोघं खात राहिलो आणि स्टेशन येईपर्यंत धानाच्या रोगाबद्दल बोललो.

गावात

नवेगाव बांधच्या अलीकडचं हे गाव. नाव लिहीत नाही. धान निसवलं होतं, आणि निसवलेल्या धानाचा एक कोवळा, दुधासारखा वास असतो, तो रिक्षातही येत होता. पलीकडे तलावाचं पाणी, त्यामागे जंगलाच्या टेकड्या. आमच्याकडे द्राक्षाच्या बागा तारा-खांबांनी बांधलेल्या, सगळं कसं आवळून ठेवलेलं. इथे पाणी आणि शेत यांच्यामधली रेघच दिसत नाही.

मोहल्ला गावाच्या टोकाला. टिनाचं विहार, त्यावर पंचशील ध्वज, आणि त्याला लागून वहिनींचं कुडाचं घर.

"या," वहिनी म्हणाल्या, आणि माझ्या मागे पाहिलं. शीला मागून पिशवी घेऊन यायची, म्हणून पाहिलं असेल. मग पाण्याचा तांब्या पुढे केला. तिकडे त्याला गडवा म्हणतात.

आत खाटेवर त्यांची मुलगी करुणा पडून होती. सोळा वर्षांची. डोळ्यांत पिवळी झाक. तिला सिकलचा आजार आहे. रक्ताचा, आईबापांकडून येणारा. त्या भागात तो घरोघरी ऐकू येतो. एरवी पोरगी शाळेत जाते, पण दुखणं उठलं की हाडं कोणी पिळतंय असं होतं आणि ती ओरडते.

"मामाजी, जयभीम," ती पडल्या पडल्या म्हणाली. आत्याच्या नवऱ्याला तिकडे मामाजीच म्हणतात. "आता बरी आहो मी. आई उगाच झोपवून ठेवते."

"उगाच," वहिनी म्हणाल्या. "शाळेतून तुले उचलून कोन आणलं, मास्तरनं का?"

जेवायला भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, अंबाडीची भाजी आणि तलावातली लहान मासळी. शिवाय माझ्यासाठी एक भाकरी, जाड, कडेने फाटलेली.

"हसू नका," वहिनी म्हणाल्या. "दुकानातून ज्वारीचं पीठ आणलं. तुमच्याइकडची भाकर माह्या हातात रडते. शीला असती तं तिनं थापली असती."

भाकरी मी पूर्ण खाल्ली. प्रतिज्ञांचा विषय दोघांनीही काढला नाही. हात धुताना वहिनी फक्त म्हणाल्या, "गुरुजी तुमाले सकारी न्याले येतील. आयकून घ्या त्यायचं."

बांधावर

सकाळी मी पांढरा कुर्ता घातला. एकच आणला होता. मोहल्ल्यात भेटीगाठी घ्यायच्या, मग विहार पाहायचं, असं ठरलं होतं. मेश्राम गुरुजी बारीक अंगाचे, हातात मिटलेली छत्री. मला ते जवळच्या वाटेने, धानाच्या बांधावरून घेऊन निघाले.

"तुमाले वाटत असन, एवढ्याशा पान्याचं गुरुजीनं काय लावून धरलं," ते पुढे पाहतच म्हणाले.

मी पाऊल जपून टाकत मागे चालत होतो.

"माहा बाप मातामायचा हल्या ओढे. हल्या म्हणजे रेडा. जत्रंत त्याले कापत, अन् कापला का ओढून न्याचं काम आपलं. मान आमचा मनत. मातामायच्या ओट्याले हात लावाचा नाई, लांबून हात जोडाचे, अन् रक्तातलं धूड ओढाचं. हा मान." छत्रीचं टोक त्यांनी बांधात रोवलं. "छपन्न साली बापानं दोर फेकून देला. गावानं कामं बंद केली, पिठाची चक्की बंद केली. तरी नाई गेला. अन् आता गाव हसते. मनते, पाहा, आले परत. तुमी सांगा, म्या काय कराव?"

मला त्यांचं म्हणणं पटत होतं. पटत होतं म्हणूनच बांधावर माझं लक्ष राहिलं नाही. पाय घसरला आणि मी कमरेपर्यंत धानाच्या चिखलात बसलो.

गुरुजींनी छत्री पुढे केली, मी तिला धरून वर आलो. कुर्त्याला पुढून-मागून चिखल. बांध संपतो तिथे एक बोरिंग दिसलं, म्हणजे हातपंप. मी सरळ तिकडे गेलो, दांडा मारला, हात धुतले, कुर्त्याचा घोळ पाण्याखाली धरला.

"जवाईबापू, तिथं नका धुवू," गुरुजी मागून म्हणाले. ते रस्त्यावरच थांबले होते. "लोकं पाहतेत."

मी मान वर केली. बोरिंगला लागून कडुलिंब होता आणि त्याखाली ओटा. ओट्यावर शेंदूर फासलेले तीन-चार दगड, वर नवे टिन, एक घंटा. पंपाचं पाणी वाहत जाऊन ओट्याच्या पायाशी मुरत होतं. घागरी घेऊन आलेल्या दोन बाया थबकल्या होत्या.

"पाहा वो," एक दुसरीला म्हणाली, "आता जवाईबी आला पानी टाकाले."

दुसरी तोंडाला पदर लावून हसली. गुरुजींनी छत्री उघडली, ऊन नसताना. मी ओल्या हातांनी तसाच उभा राहिलो. बाहीवरून पाणी निथळत होतं, आणि मी ती बाही उलटी-पालटी करून पाहत होतो. चिखलच होता. दुसरं काही नव्हतं.

अंगणात

दुपारी वहिनींनी कुर्ता मागून घेतला आणि अंगणातल्या दगडावर धुवायला बसल्या. मी खाटेवर बसलो होतो. करुणा आत झोपली होती.

"जवाईबापू, एक विचारू का? राग नका धरू."

"विचारा."

"आमची शीला एवढी पडून होती. तुमी कोन्या देवाले गेलते का?"

त्यांनी मान वर केली नाही. हात चालूच होते. चौकशीचा सूर नव्हता, सापळा नव्हता. त्यांना नुसतं माहीत करून घ्यायचं होतं. उत्तर द्यायला मला भरपूर वेळ होता, हेही खरं.

"नाही," मी म्हणालो. "औषधपाणी केलं."

त्यांनी कुर्ता पिळला, झटकला.

"मले वाटलंच. शीलाचा आखरीचा फोन आला ना, तवाबी मनत होती, वहिनी, हे काई हलले नाई, खंबीर आहेत."

डाग पुसणं एक झालं. पण तिने फोन करून हेही सांगून ठेवलं होतं.

"खरं सांगू?" वहिनी म्हणाल्या. "म्या ठरवलं होतं, उद्या प्रतिज्ञा घेनार नाई. गुरुजीले सगळ्यायसमोर मननार होती, का म्या सोडल्याच नाई तं पुन्हा कायले घ्याच्या? म्या का मातामायची झाली? पोरगी रातभर वरडून राह्यली होती. गोळ्या संपल्या. दवाखान्याची गाडी येते मने, आली नाई. पहाटी गडवा घेतला अन् गेली. देवी आहे का नाई, मले का मालूम. कोनी तं आयकाव, एवढंच होतं. पानी टाकलं, घरी आली, विहारात जाऊन वंदना घेतली. रोजच्यासारखी."

"मग?"

"मंग काय. तुमची बायको गेली, तुमी नाई हलले. माही पोरगी जित्ती आहे अन् म्या हलली. आता कोन्या तोंडानं भांडू? घेते प्रतिज्ञा."

कुर्ता त्यांनी दोरीवर टाकला. आभाळ भरून आलं होतं, तो वाळणार नव्हता हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

तेव्हा बोलायला हवं होतं. अंगणात आम्ही दोघंच होतो, एक वाक्य पुरलं असतं. त्या वाक्याने त्यांचं भांडण त्यांना परत मिळालं असतं, आणि ते भांडण बरोबर होतं. मी म्हणालो, "पाऊस येईल असं दिसतंय."

विहारात

आश्विन पौर्णिमेच्या सकाळी कुर्ता ओलाच होता. वहिनींनी पेटीतून शीलाच्या भावाचा पांढरा सदरा काढून दिला. त्याला कडुलिंबाच्या पाल्याचा वास येत होता. बाह्या मला आखूड झाल्या, मनगटं उघडी राहिली.

विहार भरलं होतं. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, पांढरे कपडे, समोर बुद्धमूर्ती, मेणबत्त्या, खिरीचं पातेलं. करुणा भिंतीला टेकून बसली होती. वंदना झाली. मग गुरुजी उठले, फार बोलले नाहीत, कोणाचं नावही घेतलं नाही. ते वाईट माणूस नाहीत, हे मला पुन्हा लिहावंसं वाटतं. त्यांनी मला पुढे बोलावलं, आणि वहिनी आपणहून उठून समोर येऊन उभ्या राहिल्या. सगळे बसलेले, त्या एकट्या उभ्या.

मी प्रतिज्ञा म्हणू लागलो. त्या माझ्यामागून म्हणू लागल्या. शेकडो वेळा म्हटलेले शब्द. पण एरवी माझ्यामागे सगळा मांडव असतो, एकेका माणसाचा आवाज वेगळा ऐकू येत नाही. इथे एकच आवाज होता, आणि मी म्हटलेलं तो जसंच्या तसं माझ्याकडे परत पाठवत होता. देवीदेवतांच्या प्रतिज्ञेपाशी आलो आणि थांबलो. मी खोकलो. वहिनी थांबल्या, मान खाली घालून. कोणीतरी पाणी आणून दिलं. मी प्यायलो आणि पुढचे शब्द म्हणालो. त्यांनी ते माझ्यापेक्षा मोठ्याने म्हटले.

शेवटची प्रतिज्ञा झाली. त्या बसतील असं वाटलं, पण त्या लोकांकडे वळल्या.

"म्या चुकली," त्या म्हणाल्या. "जवाईबापूवर माह्यापेक्षा मोठी वेळ आली. ते नाई चुकले. आता मीबी तशीच राहीन."

"साधु, साधु, साधु," विहार म्हणालं. गुरुजींनी डोळ्यांना रुमाल लावला. सगळे माझ्याकडे पाहत होते, मायेने. मी हात जोडले. आखूड बाह्यांतून माझी दोन्ही मनगटं पुढे आली होती. ती कुठे ठेवावीत हे मला कळेना.

मग गुरुजींनी ग्रंथ वहिनींच्या हातात दिला. त्यांनी पदर सावरून तो मांडीवर घेतला आणि शेवटचं प्रकरण वाचलं. फार चांगलं वाचतात. घाई नाही, गाणं नाही, समोरच्याला समजावं असं. बाया कान देऊन ऐकत होत्या. खीर वाटली गेली. लोक हसतखेळत घरी गेले. ज्या कामासाठी मला बोलावलं होतं ते सगळं नीट पार पडलं.

दुपारी निघालो. वहिनींनी डब्यात शिंगाडे भरून दिले. कुर्ता दोरीवरच होता. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेले घेऊन जा. तसे तं तुमी आता कायले याल." रिक्षापर्यंत करुणा आली, मी नको म्हणत असताना.

"मामाजी," ती म्हणाली, "आई रडत नाई कधी. मले एवढं दुखलं तवा नाई रडली. मातामायकडून आली तवाबी नाई. आज विहारातून आली अन् चुलीपाशी बसून रडली."

"समाधान वाटलं असेल त्यांना," मी म्हणालो.

ती माझ्याकडे पाहत राहिली. "नाई जी," म्हणाली. "तसं नोयतं ते."

नाशिक

घरी आल्यावर मुलाने विचारलं, कसं झालं. मी म्हणालो, चांगलं झालं. शिंगाडे खाल्ले. त्याला ते आवडले नाहीत.

मी अजून लग्नं लावतो. प्रतिज्ञा देतो. त्या खोट्या आहेत असं मला वाटत नाही. गुरुजींच्या वडिलांनी दोर फेकला ते जर खोटं असेल तर आमच्यापाशी मग खरं काहीच नाही. पण शब्द म्हणताना आता मागून एक आवाज वेगळा ऐकू येतो, मांडवात कितीही माणसं असली तरी. करुणाची तब्येत मी फोनवर विचारतो. वहिनी दरवेळी म्हणतात, "बरी आहे. तुमी खंबीर राहा." मग मी लवकर फोन ठेवतो.

इथे हे लिहिणं त्या मानाने सोपं गेलं. तो मोहल्ला हे वाचेल असं नाही, आणि ते मला लिहिताना माहीत होतं.

मी गडावर जाऊन नारळ फोडला होता, हे त्या विहारात, सगळे बसलेले असताना, कौतुकावहिनींच्या शेजारी उभं राहून मला सांगायचं आहे. ते मी अजून सांगितलेलं नाही.